आरसा की निरोप? टॅबलेट टीव्हीवर दिसतो तेव्हा

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फ्रीगंजात, टॉवर चौकापासून जवळच माझी मावशी राहते. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या अनेक मराठी घरांसारखंच तिचं घर आहे: आत मराठी, दारात हिंदी. गुडघ्यांनी साथ सोडली तसं तिचं महाकालाच्या मंदिरात जाणं थांबलं. आता मंदिर समितीच्या संकेतस्थळावरचं थेट दर्शन ती नातवाच्या टॅबलेटवर पाहते. भस्मआरतीची वेळ पहाटे चारच्या सुमाराची. या दिवाळीत गेलो तेव्हा अंधारात दहा इंचांच्या पडद्याला नाक लावून बसलेली मावशी दिसली. समोरच्या भिंतीवर त्रेचाळीस इंचांचा स्मार्ट टीव्ही बंद होता.

"त्यावर का नाही लावत?" मी विचारलं.

"काही होऊन नाही राहिलं रे त्यावर. सगळ्यांनी करून पाहिलं."

या 'सगळ्यांचं' म्हणणं मी एकेक करून ऐकलं. नातू म्हणाला, नेटचा स्पीड कमी आहे. शेजारचे काका म्हणाले, चार्जिंगची वायर टीव्हीला लावा, झालं. ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, टीव्ही जुना झालाय, बदला. तिघांनीही आपुलकीनेच सांगितलं होतं. पण 'स्क्रीन शेअर' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि एकीचा उपाय दुसरीला करत बसतो, हे कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे आरसा. टॅबलेटवर जे दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर उमटतं: फोटो, हिशेबाची वही, येणारे मेसेज, फिरणारं बोट, सगळं. याला मिररिंग म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे निरोप, म्हणजेच कास्टिंग. यात टॅबलेट टीव्हीला फक्त कळवतो की अमुक व्हिडिओ लाव. तो व्हिडिओ इंटरनेटवरून टीव्ही स्वतः आणतो, टॅबलेटमधून चित्र जातच नाही. तिसरी गोष्ट सरळ वायर. वरवर तिन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, टीव्हीवर चित्र येतं. आत मात्र तिन्ही अगदी वेगळ्या आहेत.

नातवाच्या नेटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्या मुळाशी घरोघरी ऐकू येणारा समज आहे: इंटरनेटशिवाय टॅबलेट टीव्हीला जोडताच येत नाही. निरोपाच्या बाबतीत हे खरं आहे, आरशाच्या बाबतीत नाही. अँड्रॉइड टॅबलेटांमध्ये मिररिंगची जी जुनी आणि सर्वांत पसरलेली पद्धत आहे तिचं नाव मिराकास्ट. वायफाय अलायन्स या संस्थेने २०१२ मध्ये ती प्रमाणित केली. यात टॅबलेट आणि टीव्ही वायफाय डायरेक्टने थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये राउटर लागत नाही आणि इंटरनेट तर नाहीच नाही. टॅबलेटमध्ये साठवलेली लग्नाची चित्रफीत किंवा मुलांचे फोटो नेट बंद असतानाही टीव्हीवर दिसू शकतात. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही राउटर बंद करून नातवाच्या मुंजीचे फोटो लावून पाहिले. दिसले.

मग अडचण कुठे येते? कंपन्यांनी या एकाच सोयीला वेगवेगळी नावं दिली आहेत. सॅमसंगमध्ये ती 'स्मार्ट व्ह्यू', शाओमीमध्ये 'कास्ट'. टीव्हीच्या बाजूला कुठे 'स्क्रीन मिररिंग', तर एलजीमध्ये 'स्क्रीन शेअर'. त्यात गूगलने २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आपल्या नेक्सस उपकरणांतून मिराकास्ट काढून टाकलं आणि स्वतःची गूगल कास्ट पद्धत पुढे केली. म्हणजे दोन्ही बाजूंना 'अँड्रॉइड' लिहिलेलं असलं तरी दोघांची भाषा एक असेलच असं नाही. टीव्ही दिसत नाही म्हणजे टीव्ही बिघडला असं बहुतेक वेळा नसतं. टॅबलेट एका भाषेत हाक मारत असतो आणि टीव्ही दुसऱ्या भाषेत कान लावून बसलेला असतो. आयपॅडचं घराणं तर तिसरंच. त्याला मिराकास्ट येतच नाही. तो अॅपलच्या एअरप्लेने आरसा दाखवतो. एअरप्ले २०१० पासून आहे, पण सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या टीव्हींमध्ये तो यायला २०१९ उजाडलं. त्याआधीच्या बहुतेक टीव्हींना आयपॅड बिनतारी जोडायचा तर अॅपल टीव्हीसारखी पेटी लागते. आयपॅडवरच्या यूट्यूबमधून गूगल कास्टच्या टीव्हीला निरोप मात्र पाठवता येतो, कारण ते काम आयपॅडचं नसून त्या अॅपचं आहे.

टॅबलेट आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत, हा सल्लाही अर्धाच सांगितला जातो. कास्टिंगला आणि साधारणपणे एअरप्लेलाही ते लागतं. पण 'एकाच वायफायवर' म्हणजे एकाच राउटरवर, एवढं पुरेसं नाही. मी स्वतः यात फसलो. पाहुणा म्हणून मला घरातल्या पाहुण्यांसाठीच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. राउटर तोच, घर तेच, पण माझ्या टॅबलेटला टीव्ही काही केल्या दिसेना. पाहुण्यांचं जाळं मुद्दामच वेगळं ठेवलेलं असतं, त्यावरच्या उपकरणाला घरातल्या उपकरणांपर्यंत पोहोचू देत नाहीत. घरच्या मुख्य वायफायला जोडल्यावर टीव्हीचं नाव लगेच यादीत आलं. टॅबलेटवर व्हीपीएन चालू असेल तरी असाच गोंधळ होऊ शकतो.

काकांच्या वायरकडे आता जरा निवांत वळतो. या गैरसमजापायी लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून मला त्याची जास्त कळकळ आहे. टीव्हीच्या मागची यूएसबीची खाच चित्र आत घेण्यासाठी नसते. ती पेन ड्राइव्हसाठी असते. चार्जिंगची वायर तिथे लावली तर टॅबलेट चार्ज होऊ लागेल, फार तर टीव्ही त्याला पेन ड्राइव्ह समजून त्यातले फोटो दाखवील. पडदा मात्र दिसणार नाही. चित्र टीव्हीत शिरतं ते एचडीएमआयच्या खाचेतून. म्हणून वायर हवी ती टॅबलेटच्या यूएसबी-सीपासून टीव्हीच्या एचडीएमआयपर्यंतची.

पण इथेच मोठी ठेच लागते. दोन-तीन दुकानांत मला ठामपणे सांगण्यात आलं की यूएसबी-सी आहे ना, मग ही वायर चालणारच. तसं नाही. यूएसबी-सी हे फक्त खाचेच्या आकाराचं नाव आहे. त्या खाचेतून चित्र बाहेर येण्यासाठी आत डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड नावाची सोय लागते. ती २०१४ मध्ये जाहीर झाली, पण कंपन्या ती बहुधा महागड्या टॅबलेटांतच देतात. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतल्या वरच्या टॅबलेटांत ती मिळते, स्वस्त टॅब ए मालिकेत नाही. खाच बाहेरून अगदी सारखी दिसते, त्यामुळे पाहून काहीच कळत नाही. वेगावरूनही अंदाज बांधू नका: २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडची यूएसबी-सी माहिती पाठवण्यात जुन्या यूएसबी २ इतकीच संथ आहे, तरी तिच्यातून चित्र व्यवस्थित बाहेर येतं. म्हणून वायर घेण्याआधी टॅबलेटच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउटपुट' हे शब्द शोधा. नसतील तर कितीही भारी वायर आणली तरी पडदा काळाच राहील. मावशीच्या नातवाचा टॅबलेट या बिनचित्राच्या वर्गातला निघाला. घरात आधीच आणून पडलेली वायर त्यामुळेच निकामी ठरली होती.

ज्यांच्या टॅबलेटला ही सोय आहे त्यांना मी निःसंकोच सांगेन की वायर वापरा. बिनतारी आरशात चित्र आधी दाबून बारीक केलं जातं, मग हवेतून पाठवलं जातं आणि टीव्हीत पुन्हा उलगडलं जातं. त्यात क्षणभराचा उशीर होतोच. बोट इथे हललं की टीव्हीवर किंचित नंतर हलतं. फोटो पाहायला, शिकवायला त्याने बिघडत नाही, पण खेळाला बिघडतं. यात नेटच्या स्पीडचा दोष नसतो. मिराकास्टमध्ये चित्र नेटवरून जातच नाही, त्यामुळे महागडा प्लॅन घेतला तरी हा उशीर कमी होणार नाही. फरक पडतो तो अंतराने, भिंतींनी आणि वायफायच्या पट्ट्याने. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि कमी गर्दीचा, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ चा भिंतीपलीकडे जातो, पण तिथे शेजाऱ्यांच्या वायफायचीही वर्दळ असते. टॅबलेट टीव्हीच्याच खोलीत आणला की बऱ्याच तक्रारी मिटतात.

टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की पुष्कळ लोक सेटिंग शोधत बसतात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. टीव्ही १६:९ आकाराचा असतो. अँड्रॉइड टॅबलेट बहुधा १६:१० आणि अनेक आयपॅड ४:३. आरशात आकार बदलत नाही, म्हणून ४:३ चा पडदा टीव्हीच्या रुंदीचा पाऊण भागच भरतो आणि १६:१० चा नव्वद टक्के.

चित्र काळं आणि आवाज मात्र चालू, असं झालं तर तो प्रश्न हक्कांचा असतो. पैसे भरून पाहायच्या अॅपमधल्या चित्रपटांना नक्कल रोखणारं कुलूप असतं आणि ते आरशाला अडवू शकतं. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये एअरप्लेचा पाठिंबाच काढून घेतला. त्याच वर्षी भारतात त्यांचा मोबाइल प्लॅन १९९ रुपयांना आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये १४९ रुपये झाला. तो फोन आणि टॅबलेटपुरताच आहे, टीव्हीसाठी नाही. असा प्लॅन असेल तर ना टॅबलेट सदोष, ना टीव्ही.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, हे स्क्रीन शेअर म्हणजे ते बँकेतले पैसे जातात तेच ना?" प्रश्न अगदी रास्त होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क अॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. त्या प्रकारात ठग फोन करतो, मदतीच्या नावाखाली अॅप घ्यायला लावतो, त्यातला कोड मागतो आणि दूर बसून तुमचं उपकरण चालवतो. टीव्हीवरचा आरसा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात चित्र तुमच्याच खोलीतल्या टीव्हीपर्यंत जातं आणि टीव्ही तुमच्या टॅबलेटमध्ये हात घालत नाही. पण नावाच्या सारखेपणामुळे धोका होतो तो असा: टीव्ही जुळत नाही म्हणून माणूस इंटरनेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधतो, तो नंबर खोटा निघतो आणि पलीकडचा म्हणतो, "स्क्रीन शेअर करा, मी जोडून देतो." टीव्ही जोडण्यासाठी फोनवरच्या कोणालाही कोड सांगावा लागत नाही. टीव्हीवर दिसणारा आकडा तुम्ही तुमच्याच टॅबलेटवर टाकायचा असतो. दुसऱ्याला सांगायची वेळ आली की फोन ठेवून द्या. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येही ऑगस्ट २०२३ पासून पडदा दाखवण्याची सोय आली आहे. तिथेही हेच लक्षात ठेवा.

आरशाबाबत खबरदारी घ्यायची ती घरातल्या घरातली. बँकेचा ओटीपी आला तर तो टीव्हीवर पाहुण्यांसमोर झळकेल, म्हणून आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. फ्रीगंजातल्या लागून असलेल्या घरांत यादीत शेजाऱ्यांच्या टीव्हीचं नावही दिसतं. कोणी तुमच्या टॅबलेटमध्ये शिरल्याचं ते लक्षण नाही, लहरी भिंतीपलीकडे पोहोचतात इतकंच. आपल्या टीव्हीला ओळखू येईल असं नाव दिलं की चुकून दुसऱ्याच्या टीव्हीचं दार ठोठावलं जात नाही. आम्ही मावशीच्या टीव्हीचं नाव 'देवघराशेजारचा' ठेवलं.

टीव्ही बदलण्याची गरज पडली नाही. त्याच्यात मिराकास्ट होतं, फक्त रिमोटवरून 'सोर्स'मध्ये जाऊन ते उघडावं लागत होतं. इतके दिवस सगळे जण टॅबलेटच चाळत होते, टीव्हीला कोणी 'तयार हो' म्हटलंच नव्हतं. मावशीसाठी आम्ही दोन वाटा आखल्या. संकेतस्थळावरच्या दर्शनाच्या पानावर कास्टचं चिन्ह येत नव्हतं, म्हणून पहाटे आरसा. तेवढा वेळ टॅबलेटचा पडदा चालू ठेवावा लागतो आणि तो चार्जिंगला लावावा लागतो. दुपारी यूट्यूबवरच्या अभंगांसाठी निरोप. तिथे अभंग सुरू झाला की टॅबलेट मिटून ठेवता येतो.

परवा तिचा फोन आला. नातू टॅबलेट घेऊन शिकवणीला गेला होता आणि तरीही टीव्हीवर अभंग चालूच होता. "टॅबलेट घरात नाही आणि हा तर गाऊन राहिलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू फक्त सांगितलंस मावशी, तो आपला आपण आणतोय." पलीकडे क्षणभर काही बोलणं नव्हतं, फक्त मागून टाळ ऐकू येत होते.