कॉम्प्युटर घेताय? आधी वॅट विचारा

बजेट वीस-पंचवीस हजार, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही आणि सबमिशनची तारीख तर टळणार नाही. अशा घरासाठी कॉम्प्युटर कसा निवडायचा?

डहाणूच्या खाडीवर ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. १९९५ पासून तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. त्याच तालुक्यातल्या कासा, सायवन, गंजाडच्या किंवा शेजारच्या तलासरीतल्या उधव्याच्या पाड्यावर मात्र जूनमध्ये वारा सुटला, एखादी फांदी तारेवर आली की लाइट गेली. कधी अर्ध्या तासात येते, कधी थेट दुसऱ्या दिवशी. इकडे परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आजच असते, प्रोजेक्टची फाइल अर्धवट असते आणि पोर्टलला ‘लाइट गेली होती’ हे कारण सांगता येत नाही.

बीएस्सी आयटी, बीकॉम किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही आज घरी कॉम्प्युटर लागतो. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत टॅली शिकता येत नाही आणि मोबाइलवर कोडिंगचा सराव होत नाही. पण दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘किती जीबी?’ दुसरा, ‘आय५ आहे की आय७?’ ‘चालू असताना किती वॅट खातो?’ हे मात्र कुणीच विचारत नाही. आपल्या भागात खरं तर तोच प्रश्न पहिला हवा. शहरात कमी वॅट म्हणजे थोडं कमी बिल. आपल्याकडे कमी वॅट म्हणजे लाइट गेल्यावर हातात उरलेला वेळ.

बिलाचा हिशेब

दोन सेटअप घेऊ. पहिला, सेकंडहँड मोठा टॉवर. त्यात जुना आय५, कुणीतरी बसवलेलं जुनं ग्राफिक कार्ड आणि सोबत जुना एलसीडी मॉनिटर. साधं ब्राउझिंग करतानाही हे सगळं मिळून साधारण १२० वॅट ओढतं. दुसरा, पुस्तकाएवढा मिनी पीसी आणि २२ इंची एलईडी मॉनिटर. पीसी १५ वॅट, मॉनिटर २०, एकूण ३५.

घरात भावंडं मिळून रोज सहा तास वापर धरा. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट. म्हणजे टॉवर महिन्याला साडेएकवीस युनिट खाणार, मिनी पीसी सव्वासहा. फरक सुमारे पंधरा युनिटचा. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला १२० रुपये, तीन वर्षांच्या डिग्रीत चार हजारांच्या वर. या पैशांत एक बरा यूपीएस येतो.

यात एक खाचही आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत आहेत, १०० युनिटपर्यंत एक आणि १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त. घरचा वापर नव्वद युनिट असेल तर मिनी पीसी जोडूनही तुम्ही शंभरच्या आत राहता. टॉवर जोडला की ११२ होतात आणि वरचे बारा युनिट महागड्या दराने लागतात.

लाइट गेल्यावर

खरा फरक इथे दिसतो. दुकानात मिळणाऱ्या साध्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-तासांची, पण सगळी वापरता येत नाही. १२० वॅटच्या सेटअपला ती पंधरा-वीस मिनिटं पुरेल. तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करायचं. तीच बॅटरी ३५ वॅटच्या सेटअपला पाऊण-एक तास चालवते. एवढ्यात फॉर्म भरून होतो, असाइनमेंट अपलोड होते.

घरात इन्व्हर्टर असेल तर गणित आणखी सोपं. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्मी ताकद वापरायची म्हटलं तरी सुमारे ९०० वॅट-तास मिळतात. फक्त कॉम्प्युटर जोडला तर टॉवर साडेसात तास चालेल, मिनी पीसी पंचवीस तास. त्यात पंखा-दिवे धरले की वेळ कमी होणार, पण घरच्यांनी ‘तुझ्या कॉम्प्युटरमुळे पंखा बंद पडला’ म्हणायची वेळ येणार नाही!

घरी वाय-फाय असेल तर राउटर विसरू नका. तो जेमतेम दहा वॅटचा, पण लाइटबरोबर तोही जातो. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस वेगळा मिळतो.

प्रोसेसर: पिढी बघा

‘आय७ आहे, सोळा जीबी, आत रंगीत लाइट आणि फक्त बारा हजार!’ अशी जाहिरात दिसली की थांबा. आय७ हे घराण्याचं नाव झालं, कितवी पिढी ते विचारा. असल्या स्वस्त सेटमध्ये बरेचदा एच६१ मदरबोर्ड असतो, म्हणजे २०११ सालचा माल. वीज जास्त, वेग कमी आणि बोर्ड बिघडला तर पुन्हा तसलाच जुना शोधायचा.

कमी विजेसाठी आज दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, इंटेल एन१०० प्रोसेसरचा नवा मिनी पीसी. २०२३ मध्ये आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर कंपनीच्या हिशेबाने ६ वॅटचा आहे. वेग ढोबळमानाने २०१५ च्या आय५-६५०० एवढा, आणि तो होता ६५ वॅटचा. ऑफिसचं काम, ऑनलाइन लेक्चर, टॅली, पायथन, सी प्रोग्रॅमिंग हे सगळं तो आरामात करतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा अँड्रॉइड स्टुडिओ मात्र त्याला दम लावतात.

दुसरा मार्ग रिफर्बिश्ड मिनी पीसीचा. लेनोवोचे टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे मिनी हे मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांत काही वर्षं वापरून बाजारात येतात. यात प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘टी’ अक्षर शोधा. आय५-८५०० हा ६५ वॅटचा, तर आय५-८५००टी ३५ वॅटचा. हे आकडे कामाचा पूर्ण ताण असतानाचे. साधं टायपिंग करताना अख्खा डबा दहा-पंधरा वॅटवर येतो. सहा कोअर असल्यामुळे जड कामातही तो एन१०० च्या पुढे राहतो.

आठव्या पिढीच्या खाली मात्र उतरू नका. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच विंडोज ११ अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीचे पीसी सध्या स्वस्तात दिसतात. लिनक्स वापरायची तयारी असेल तर तेही चालतील. लिनक्स मिंट किंवा आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स फुकट आहे. पण बीकॉमवाल्यांनो, टॅली शिकायचं तर विंडोजच हवं.

काय टाळायचं, काय घ्यायचं

ग्राफिक कार्ड: गेमिंग किंवा थ्रीडी करत नसाल तर नकोच. प्रोसेसरमधलं ग्राफिक पुरतं. जुनं कार्ड काही न करताही दहा-पंधरा वॅट खातं.

एसएमपीएस: ५०० वॅटचा एसएमपीएस सतत ५०० वॅट खातो, हा गैरसमज आहे. तो त्याचा कमाल आकडा. पण मोठा एसएमपीएस अगदी थोड्या भारावर चालवला तर त्यात वीज वाया जाते. टॉवरच घ्यायचा असेल तर गरजेपुरता, ‘८० प्लस’ खूण असलेला घ्या. मिनी पीसीला लॅपटॉपसारखा अडॅप्टर असतो, हा प्रश्नच येत नाही. फक्त एक काळजी: एन१०० चे बरेच मिनी पीसी १२ व्होल्टवर चालतात, म्हणून काही जण ते थेट सोलरच्या बॅटरीला जोडतात. चार्ज होताना ती बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते. मध्ये १२ व्होल्टचा कन्व्हर्टर हवाच.

एसएसडी: फिरणारी जुनी हार्ड डिस्क पाच ते आठ वॅट घेते, एसएसडी रिकामी असताना एक वॅटही नाही. आत काही फिरत नाही, त्यामुळे अचानक लाइट गेली किंवा टेबल हललं तरी यांत्रिक भाग बिघडायची भीती नाही. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के झेलणाऱ्या धुंदलवाडी परिसरात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको! २५६ जीबी पुरते.

रॅम: आठ जीबी किमान, कोडिंगवाल्यांना सोळा. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या आहेत. त्यामुळे सुटे भाग जमवण्यापेक्षा रॅम-एसएसडीसह मिळणारा रिफर्बिश्ड पीसी सध्या परवडतो. रिकामा स्लॉट आहे का बघा, पुढे वाढवता येईल.

मॉनिटर: छोट्या सेटअपमध्ये सर्वांत जास्त वीज हाच खातो. जुना एलसीडी चाळीस वॅटपर्यंत जातो, २२ इंची एलईडी वीसच्या आसपास. ब्राइटनेस निम्म्यावर आणला तर आणखी कमी. सुरुवातीला घरचा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडूनही काम भागतं, पण तो जास्त वीज घेतो आणि सिरियलच्या वेळेला तुमचा नंबर लागणार नाही.

पंखा: पंखा नसलेला मिनी पीसी शांत असतो, धूळही ओढत नाही. बोर्डी-झाईसारख्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे चांगलंच. पण पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तो तापून मंदावतो. अशा घरात लहान पंखेवाला बरा.

मग लॅपटॉपच का नको?

रास्त प्रश्न. लॅपटॉपही कमी वॅटचा आणि बॅटरी आतच. रोज कॉलेजात न्यायचा असेल, होस्टेलवर राहत असाल तर तोच घ्या. पण सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बहुधा थकलेली असते आणि कीबोर्ड किंवा स्क्रीन गेली की खर्च मोठा. घरात दोघा-तिघांनी वापरायचा कॉम्प्युटर असेल तर मिनी पीसी टिकाऊ. माउस गेला माउस बदला, मॉनिटर गेला मॉनिटर बदला.

कुठून आणायचा?

२०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे डहाणूकरांना मुंबईतला लॅमिंग्टन रोड एका तिकिटावर आहे. ग्रँट रोडला उतरा. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, अशा वेळी मुंबई सेंट्रलहून चालत जा. तलासरी गावाला रेल्वे नाही, पण महामार्ग आहे, म्हणून तिथल्यांना वापी जवळ. गुजरातेत स्वस्त मिळेल या आशेवर मात्र जाऊ नका, जीएसटी दोन्हीकडे सारखाच. फरक पडतो तो वॉरंटीने. बिघडल्यावर परत नेऊन द्यायला एक दिवस आणि तिकिटाचे पैसे जातात, तेव्हा गावातल्या ओळखीच्या दुकानदाराने हजार रुपये जास्त सांगितले आणि वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून दिली, तर तोच सौदा चांगला.

मीटर खोटं बोलत नाही

घरी आणल्यावर खात्री करायची आहे? वॅट मोजायचं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. म्हणजे तेवढे लुकलुक झाले की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्या संख्येला सहाने गुणा, मीटरवरच्या आकड्याने भागा, हजाराने गुणा. हे झाले वॅट. ३२०० च्या मीटरवर एकोणीस वेळा लुकलुकला तर पस्तीस-छत्तीस वॅट. चौसष्ट वेळा लुकलुकला तर समजा घरात टॉवर आलाय.

आणि हे मोजमाप घरच्यांसमोर करा. बिल वाढेल म्हणून कॉम्प्युटरला नाही म्हणणाऱ्या आई-बाबांना ‘महिन्याला सहा युनिट’ हे उत्तर पटतं. आकडा तुमचा नसतो ना, त्यांच्याच मीटरचा असतो.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. प्रोसेसरचं पूर्ण नाव काय, आणि शेवटी ‘टी’ आहे का?
२. विंडोज ११ अधिकृत चालतं का? चालवून दाखवा.
३. एसएसडी आहे की हार्ड डिस्क? रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का?
४. अडॅप्टर कंपनीचाच आहे का, किती वॅटचा?
५. मॉनिटरच्या मागच्या पट्टीवर किती वॅट लिहिलेत?
६. वॉरंटी किती महिने, आणि सिरियल नंबर बिलावर आहे का?