शिडाच्या होडीतलं घर

जळगाव-धुळ्यातल्या मित्रांनो, आपल्यापासून समुद्र लांब खरा, पण ही गोष्ट माहीत हवीच. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या होडीतून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१०मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. होडी बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. बांधणीच्या काळात दोंदे तिथे होते, आणि माझ्या मते खरी तयारी तीच. भर समुद्रात दोर तुटला, पंप बंद पडला, तर मिस्त्री कुठून येणार?

होडीवर राहायचं म्हणजे पाणी, वीज, शिधा, औषधं सगळ्याचा हिशोब आधी. आणि वाऱ्याचाही! युरोपातून कॅरिबियनला जाणाऱ्या शिडाच्या होड्या बहुधा कॅनरी बेटांवरून नोव्हेंबरअखेर किंवा त्यानंतर निघतात, कारण तिकडे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. मग ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी घेऊन सेंट लुसियापर्यंतचे सुमारे २७०० सागरी मैल दोन-तीन आठवड्यांत कापतात.

दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' हे इंग्रजी पुस्तक जरूर वाचा, मुलांनाही वाचायला द्या.