हगवण लागलेल्या लेंकराचें पाणी तोडूं नका

मृगाचा पाऊस पडला कीं शेतकऱ्याचें सारें लक्ष वाफशाकडे लागतें. याच दिवसांत ओढ्याविहिरींचें पाणी गढूळ होतें आणि लहान मुलांस हगवण लागते. पेरणीचा एक दिवस चुकूं नये म्हणून जो दक्ष असतो, तोच या दुखण्याविषयीं "दांत येत असतील, राहील आपोआप" असें म्हणून स्वस्थ बसतो. या चुकीची किंमत आमच्या घरींच मोजावी लागली असती, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या पुतण्याच्या दीड वर्षाच्या मुलीस ऐन पेरणींत जुलाब सुरू झाले. पाण्यानें जुलाब वाढतात या समजुतीनें घरांतील वडील स्त्रियांनीं तिचें दूधपाणी तोडलें. दुसरे दिवशीं दृष्ट काढली, अंगारा लावला. आईनें दवाखान्याची गोष्ट काढली, तेव्हां "पेरणी उरकूं द्या, मग गाडी काढूं" असें उत्तर आम्हींच दिलें. तिसरे दिवशीं मुलीचे डोळे खोल गेले, रडतांना अश्रु येईनात, तिनें मान टाकली. तालुक्याच्या रुग्णालयांत शिरेंतून सलाइन दिलें, तेव्हां ती वांचली. डॉक्टरांनीं एवढेंच विचारलें, "रोप सुकूं लागलें तर तुम्ही त्याचें पाणी तोडतां काय?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

हगवणींत मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. ते तोंडावाटेंच भरून काढतां येतात. 1971 सालीं बांगलादेशाच्या युद्धांत बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली व सलाइन अपुरें पडलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा मिसळलेलें पाणी रोग्यांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा 30 च्या सुमारास होतें, तें 4 च्या आंत आलें.

तीच आजची जलसंजीवनी. तिची पुडी आशा कार्यकर्तीजवळ व प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. पुडीवर लिहिलें असेल तेवढ्याच, उकळून निवविलेल्या पाण्यांत ती विरघळवावी. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर अर्धी ते एक लहान वाटी, चमच्याचमच्यानें पाजावी. ओकारी झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सपाट सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. केलेलें पाणी एक दिवसानंतर टाकून द्यावें. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न चालू ठेवावें. जस्ताच्या गोळ्या केंद्रांतून घेऊन, जुलाब थांबले तरी, सांगितलेले सर्व दिवस द्याव्या.

परंतु डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटींत धरून सोडल्यावर सावकाश खालीं बसली, मूल सुस्त झालें, पिईनासें झालें, घेतलेलें सर्व ओकूं लागलें किंवा शौचांतून रक्त पडलें, तर घरगुती उपायावर विसंबूं नये. वाट्यानें जलसंजीवनी पाजीत तत्काळ रुग्णालय गांठावें. 108 क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मागवितां येते.

आईच्या लक्षांत दुखणें सर्वांत आधीं येतें. गाडी जुंपण्याचा हुकूम मात्र कर्त्या पुरुषाचा असतो. तो हुकूम आईनें मागण्याची वेळ येऊं देऊं नये. यंदा मृगापूर्वीं बियाणें घरांत आणाल, तेव्हां त्याबरोबर जलसंजीवनीच्या दोन पुड्याही आणून ठेवाव्या, एवढीच शेतकरी बंधूंस आमची विनंती आहे. पेरणी दोन दिवस लांबली तरी साधतां येते; गेलेलें लेंकरूं परत येत नाहीं.