तराजूचा कौल आणि स्त्रियांचा व्यायाम

नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर हा कापूस पिकविणारा तालुका. तेथील शेतकरी जाणतो कीं, दंवांत भिजलेला कापूस कांट्यावर जड भरतो. पण त्यांत वाढलेली असते ती रुई नव्हे, पाणी. म्हणूनच भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदींत ओलावा मोजल्यावांचून भाव ठरत नाहीं. ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपलीकडे माल नाकारला जातो. वजनें उचलण्याचा व्यायाम नव्यानें आरंभिणाऱ्या स्त्रियांनीं बाजारांतलें हें शहाणपण घरीं आणणें अगत्याचें आहे.

अशा व्यायामाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत वजन घटण्याऐवजीं किलो-दीड किलोनें वाढलेलें पुष्कळदां दिसतें. 'ह्यानें अंग सुटतें' असें समजून कित्येकजणी व्यायामच सोडतात. परंतु एक किलो चरबी सांठण्यास गरजेहून सुमारें ७,७०० कॅलरी अधिक अन्न पोटांत जावें लागतें. चार-आठ दिवसांत इतकें सहसा घडत नाहीं. मग हें वजन येतें कोठून?

संवय नसलेल्या श्रमांनीं स्नायूंच्या तंतूंस सूक्ष्म इजा होते व त्यांच्या दुरुस्तीसाठीं तेथें द्रव जमतो. एक-दोन दिवसांनीं अंग ठणकतें तें ह्याच वेळीं. शिवाय राबणारा स्नायु ग्लायकोजन नांवाची साखरेची शिदोरी अधिक सांठवूं लागतो, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें ३ ग्रॅम पाणी येतें. मासिक पाळीच्या आधींहि पाणी सांठतें तें निराळेंच. हें पाणी किती चंचल असतें, हें सन १९२४ नव्हे तर अगदीं अलीकडे, सन २०२४ मध्यें, पॅरिस ऑलिंपिकांत साऱ्या देशानें पाहिलें. ६ ऑगस्टला ५० किलो गटाच्या वजनांत बसलेली विनेश फोगट तीन कुस्त्या जिंकली. रात्रभर खटपट करूनहि दुसऱ्या सकाळीं तिचें वजन १०० ग्रॅम अधिक भरलें व ती अपात्र ठरली.

स्नायु वाढण्यास मात्र महिने लागतात. पहिल्या आठवड्यांत वाढणारी ताकद बहुतांशीं मज्जातंतूंच्या शिस्तीची असते. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन हें द्रव्य पुरुषांच्या मानानें फारच थोडें असल्यानें पहिलवानी देह आपोआप होण्याची भीति व्यर्थ आहे. उलट, स्नायु चरबीहून घट्ट असल्यामुळें वजन तेंच राहूनहि चोळी सैल होते.

म्हणून आठवड्यांतून एकदां, सकाळीं शौचानंतर व न्याहारीपूर्वीं वजन करावें. ह्या महिन्याचे आंकडे मागील महिन्याच्या आंकड्यांशीं ताडावे. कमरेचें माप व उचललेलें वजन ह्यांचीहि नोंद ठेवावी. आंकडा वाढला म्हणून उपाशी राहूं नये. भाकरीबरोबर डाळ, उसळ, दूध हीं हवींत. मात्र पायांवर सूज, धाप, किंवा व्यायामानंतर काळसर लघवी दिसल्यास डॉक्टरांस तात्काळ दाखवावें.

पाळी गेल्यावर स्त्रीचीं हाडें झपाट्यानें विरळ होतात, आणि हाडांना व स्नायूंना बळ देणारा व्यायाम हा त्यावरील एक मोठा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० मध्यें प्रौढांस आठवड्यांतून निदान दोन दिवस असा व्यायाम सांगितला आहे. दोन आठवड्यांच्या पाण्याला भिऊन पुढील तीस वर्षांचा कणा गमावणें, हा तोट्याचा सौदा होय.