कावळ्याचे मुंगीस्नान

उन्हाने तापलेल्या मोकळ्या जमिनीवर एक कावळा पंख पसरून पडलेला असतो. चोच अर्धवट उघडी, शेपटी एका बाजूला वाकडी, पिसे विस्कटलेली. पाहणाऱ्याला वाटते, ऊन लागले असावे किंवा विषबाधा झाली असावी. कोणी पाणी आणायला धावते, कोणी खोके शोधू लागते. तेवढ्यात कावळा उठतो, पंख झटकतो आणि काहीच घडले नसल्यासारखा उडून जातो. तो पडला होता तेथे मुंग्यांचे वारूळ असते.

या वर्तनाला जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेसेमान यांनी १९३५ मध्ये नाव दिले. मराठीत त्यास 'मुंगीस्नान' म्हणता येईल. डॉ. सलीम अली यांनी बर्लिनमध्ये ज्यांच्याकडे पक्षिशास्त्राचे धडे घेतले, तेच हे श्ट्रेसेमान. पुढच्याच वर्षी सलीम अली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रश्न उपस्थित केला: अंगावरील परजीवींपासून सुटका करून घेण्यासाठी पक्षी मुंग्यांना कामाला लावतात काय? या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजही मिळालेले नाही.

आतापर्यंत दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांमध्ये मुंगीस्नानाची नोंद झाली आहे. कावळे बहुधा वारुळावर अंग टाकून मुंग्यांना पिसांत शिरू देतात. साळुंकीच्या कुळातील पक्षी मात्र मुंगी चोचीत धरून ती पंखांखाली व शेपटीच्या मुळाशी घाईघाईने घासतात. या खटाटोपात पक्ष्याचा पाय स्वतःच्याच शेपटीवर पडतो आणि तो कोलांटी खातो. निवड मात्र विचारपूर्वक असावी, असे वाटते. कारण पसंती बहुधा दंश करणाऱ्या मुंग्यांऐवजी फॉर्मिक आम्लाची फवारणी करणाऱ्या मुंग्यांना मिळते.

हे आम्ल पिसांतील उवा, जंतू व बुरशी यांचा नाश करत असावे, हा तर्क सर्वांत जुना. तथापि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंग्यांमध्ये असते तेवढ्या प्रमाणातील आम्लाचा पिसांवरील जंतू व बुरशीवर प्रभाव आढळला नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील थॉमस आयस्नर आणि डॅनियल अनेशान्सली यांनी निळ्या जे पक्ष्यांवर प्रयोग केला. आम्लाची पिशवी काढून टाकलेल्या मुंग्या पक्ष्यांनी पिसांवर न घासताच गिळल्या. पिशवी शाबूत असलेल्या मुंग्या मात्र आधी घासल्या. म्हणजे हे स्नान नसून, कडू कारले चिरून मीठ लावून पिळावे तशी स्वयंपाकाची पूर्वतयारी ठरते! हा खुलासा आकर्षक असला तरी अपुरा आहे. वारुळावर लोळणारा कावळा काय शिजवत असतो, हे त्यातून उमगत नाही. शिवाय काही पक्षी मुंग्यांऐवजी लिंबाची फोड, डांबरगोळी, इतकेच नव्हे तर धुमसते सिगारेटचे थोटूकही अंगाला घासताना आढळले आहेत. पिसे झडून नवी येताना होणारी त्वचेची जळजळ यामुळे शमत असावी, असाही एक अंदाज आहे.

त्यामुळे पंख पसरून पडलेला पक्षी दिसल्यास लगेच उचलण्याऐवजी काही मिनिटे दूर थांबावे आणि जमिनीवर मुंग्या आहेत का, ते पाहावे. मुंग्या नसतील आणि पक्षी जवळ जाऊनही हलत नसेल, तर मदत खरोखरच हवी असते. मुंग्या असतील, तर स्नानानंतर पक्ष्याने त्या खाल्ल्या की टाकून दिल्या, एवढी नोंदही अभ्यासकांना मोलाची वाटेल.