खडकावर चढणारी बग्गी आणि तिचा हिशेब

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी काम करणाऱ्या कार्यशाळांची उणीव नाही आणि बदलापूरपलीकडे सह्याद्रीचा काळा बेसॉल्टही जवळच आहे. उल्हासनगरच्या एखाद्या व्यापारी घरातील तरुणाने खडकावर चढणारी बग्गी स्वतः बांधण्याचा ध्यास घेतला, तर वडिलधाऱ्यांनी प्रथम तिचे मर्म जाणून घ्यावे.

या गाडीची कसोटी संथ चालीत असते. पहिल्या गिअरचे प्रमाण ४, ट्रान्सफर केसचे अडीच व अ‍ॅक्सलचे ४ धरल्यास गुणाकार ४० येतो. इंजिनाचे ४० फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. वेग जितका घटतो तितके बळ, घर्षणाची घट वजा जाता, वाढते. साध्या डिफरन्शियलमध्ये अधांतरी चाक नुसतेच फिरते व जमिनीवरचे थांबते. म्हणून दोन्ही चाके जखडणारे लॉक लागते. पाइपांचा पिंजरा व सीटबेल्ट यांत मात्र काटकसर नको. गाडी उलटल्यास प्राण तेच राखतात.

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाचे मूळ स्वरूप मनाप्रमाणे बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. नव्या बांधणीच्या वाहनासही पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. नोंदणीवाचून सार्वजनिक रस्ता बंद, आणि नेहमीचे वाहनकर्ज व विमाही दुरापास्त. बग्गी ट्रकवर चढवूनच परवानगीच्या खासगी जागेत न्यावी लागते. अंदाजपत्रकात तो ट्रक व ती जागा आधी लिहावी; इंजिन त्यानंतर.