कर्कश गाण्यातली आपली गोष्ट

मैत्रिणींनो, ‘थ्रॅश मेटल’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलाय? घरात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं असेल आणि त्याच्या खोलीतून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येत असेल, तर शब्द माहीत नसला तरी ओळख झालीच म्हणायची!

आमच्या कुंभिवलीत मोठ्या आवाजाचं संगीत म्हणजे भजनातला पखवाज आणि लग्नातली बँजो पार्टी. मुलगा खोपोली लोकलने मुंबईला कॉलेजला जायला लागला आणि हे नवं प्रकरण घरात शिरलं. सासूबाई म्हणाल्या, “हा गाणारा कुणाशी भांडतोय गं?” प्रश्न अगदी रास्त होता. मी मुलालाच समोर बसवून विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. हे संगीत १९८०च्या सुमारास अमेरिकेत जन्मलं. ‘मेटालिका’चा पहिला अल्बम १९८३ साली आला. उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून गिटार भराभर छेडायची, म्हणजे सूर दबका आणि धारदार निघतो. ड्रमवाला दोन्ही पायांनी ठेका धरतो. काही बँड तर मधेच लय मोडून विषम मात्रांत शिरतात. त्याला ‘टेक्निकल थ्रॅश’ म्हणतात. थोडक्यात, आरडाओरडा वाटला तरी त्यामागे रियाज असतोच.

आपल्या मुंबईतही असा एक बँड आहे, ‘सेप्टर’. सुरुवात १९९८ची. तेव्हा अशा मुलांचं हक्काचं ठिकाण होतं धोबीतलावचं रंगभवन. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम थांबले. या संगीतावर आपल्याकडे घर चालत नाही, रेडिओवर ते वाजत नाही. तरीही २००८ साली त्यांची ‘नाऊ ऑर नेव्हर’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आली आणि पूर्ण अल्बम यायला २०१३ उजाडलं. म्हणजे तब्बल पंधरा वर्षं! ड्रम्सवर अनिकेत वाघमोडे, गिटारवर गिलरॉय फर्नांडिस, गायला सॅमरॉन ज्यूड.

त्या अल्बमचं नाव ‘एज ऑफ कलॅमिटी’, म्हणजे संकटाचा काळ. आणि विषय? बाईवर होणारे अत्याचार! डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाने देश हादरला होता, त्याच्या पुढच्याच वर्षीचा हा अल्बम. मी चकितच झाले. आपल्या आज्यांनी सासुरवास जात्यावर ओव्यांतून गायला, पण घरातल्या पुरुषांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. इथे पुरुषच बाईचं दुःख गळा फाडून सांगत होते.

अल्बमचा विषय सांगून झाल्यावर मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, “आई, तुझ्या बाबतीत कधी असं काही झालंय का गं?”

एकोणीस वर्षांच्या मुलाने आईला हा प्रश्न विचारावा! मी उठून चहा टाकला. आणि मग गर्दीच्या गाडीतली एक जुनी गोष्ट त्याला सांगितली, जी मी त्याच्या बाबांनाही कधी सांगितली नव्हती. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “आमच्या ग्रुपमधली मुलं मुलींबद्दल काहीबाही बोलतात. मी गप्प बसतो. आता नाही बसणार.”

खरं सांगते, ते संगीत मला अजूनही सोसत नाही. दहा मिनिटांत डोकं भणभणतं. मुलांच्या कानांचीही काळजी घ्यायलाच हवी. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. म्हणून हेडफोनचा आवाज कमी ठेवायचा, कार्यक्रमाला जाताना कानात बोळे घालायचे, हा आमच्या घरातला नियम.

पण “बंद कर तो गोंगाट” म्हणण्याआधी एकदा विचारून बघा, “काय म्हणतोय रे तो?” आपल्या मुलांशी जे बोलायचं राहून गेलंय, ते कदाचित तिथूनच सुरू होईल.